बंद घरातून आलेलं ‘घेतली’

आईचं बीपी आज सकाळी आटोक्यात आलं. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी स्वतः फोन करून सांगितलं आणि उद्या घरी सोडतो म्हणाले. काळजीने विचारणाऱ्या सगळ्यांसाठी ही बातमी आधी... आता काय झालं ते सांगते.

गॅजेट्सवर लिहिणं हे माझं काम, हे तुम्हाला माहीतच आहे. आई लोणावळ्यात, तुंगार्लीच्या घरी एकटी राहते, मी पुण्यात. मागच्या वर्षी तिच्या जेवणाच्या टेबलाजवळ, खिडकीत, मी एक स्मार्ट स्पीकर बसवला.

रोज संध्याकाळी पाच वाजता तो माझ्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात विचारायचा, ‘आई, गोळी घेतलीस का?’ तिने ‘घेतली’ म्हटलं की माझ्या फोनवर हिरवी टिक यायची. तो शब्द येईपर्यंत दर मिनिटाला विचारत राहायचं, असं सेटिंग मीच केलं होतं. त्यावर इथे कौतुकाची पोस्टही टाकली होती...

खरं सांगायचं तर, टिक यायला लागल्यापासून माझे फोन कमी झाले. डेडलाइनच्या आठवड्यात तर नाहीच. टिक आली, म्हणजे आई बरी.

सोमवारी दुपारी पवनानगरहून मावशीचा फोन आला. आईला चक्कर येतेय, हात थरथरतायत. जीप करून लोणावळ्याला दवाखान्यात नेतोय, तू घरून तिच्या गोळ्या आणि जुने कागद घेऊन ये.

‘पण मावशी, ती तुझ्याकडे कशी? कालची गोळी तर घरी घेतलीय तिने...’

‘अगं, गुरुवारपासून इथे आहे ती! एका दिवसासाठी आली, मीच ठेवून घेतलं. गोळ्या घरीच विसरलीय. चार दिवसांनी काय मरत नाही मी, म्हणत होती. तुला मेसेज केला म्हणाली, पण तिच्या फोनला इथे धरणाकडे रेंज कुठे असते?’

मी फोन उघडून बघितला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार... चारही दिवस हिरवी टिक.

आईच्या घराला कुलूप. किल्ल्या दोनच, एक तिच्या पर्समध्ये आणि एक माझ्याकडे. निघण्याआधी ॲपमध्ये शोधून रविवारचं रेकॉर्डिंग लावलं. आधी माझा गोड आवाज, मिनिटामिनिटाने तीनदा, मग दबक्या, घोगऱ्या आवाजात एकच शब्द... ‘घेतली.’

तो आवाज आईचा नव्हता. अख्ख्या एक्स्प्रेसवेवर मी रेडिओ मोठा करून गाडी चालवली.

पोचले तेव्हा धुकं इतकं खाली आलं होतं, की फाटकातून घराचं दार दिसत नव्हतं. कुलूप जसंच्या तसं. आत पाऊल टाकल्यावर सेन्सरने पॅसेजमधला दिवा लावला आणि मी उगाचच दचकले. गोळ्यांची डबी टेबलावरच होती... गुरुवारपासूनचे सगळे कप्पे भरलेले.

मी कागद शोधत होते आणि पाच वाजले.

‘आई, गोळी घेतलीस का?’

रिकाम्या घरात आपलाच आवाज आपल्या आईला शोधतोय, हे ऐकणं फार वाईट असतं. मला स्पीकर बंद करायचंही सुचेना. मिनिटाने पुन्हा तेच, त्याच लाडात. मग तिसऱ्यांदा...

आणि माझ्या पाठीमागून उत्तर आलं. ‘घेतली.’

मी किंचाळले. बाहेरूनही कोणीतरी तितक्याच जोरात ओरडलं. खिडकीच्या गजांपलीकडे, धुक्यात, माकडटोपी घातलेला एक चेहरा होता... आमचे रशीदभाई! रेल्वेतून रिटायर झाले, आता आमच्या गल्लीतल्या चार बंगल्यांची झाडं बघतात.

‘ताई, तुमी आत हाय? मग हाका कशाला मारताय? जीव गेला असता की माझा!’

बुरशी धरू नये म्हणून आई ती खिडकी चार बोटं उघडी ठेवते. तिथूनच ते उत्तर देत होते. मी पुण्याहून फोनवर बोलतेय अशी त्यांची समजूत.

‘पयल्या हाकेला मी ओ देत न्हाई. घाटात लाइनवर असताना जुनी माणसं सांगायची, धुक्यात एकच हाक आली तर वळायचं न्हाई. तीन आल्या तर माणूस समजायचं. तुमच्या तीन आल्या. म्हणलं, पोरगी लय काळजी करतीये, तुमच्या आई रोज देतात ते उत्तर तर द्यावं.’

मला त्यांचा राग आला होता. तसाच घेऊन मी दवाखान्यात गेले. आईचं बीपी भलतंच चढलेलं. आणखी एक दिवस गेला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

रात्री तिला झोप लागल्यावर मी बाहेरच्या बाकावर बसून गुरुवारचं पूर्ण रेकॉर्डिंग ऐकलं. तिसऱ्या हाकेनंतर रशीदभाई स्वच्छ बोलतायत, ‘ताई, तुमच्या आई हितं न्हाईत. पवनानगरला गेल्यात. गोळ्यांची डबी हितंच राहिलीये, टेबलावर दिसतीये मला.’

त्यावर माझा आवाज... ‘आई, गोळी घेतलीस का?’

ते पुन्हा सांगतात, मोठ्याने. माझं पुन्हा तेच. ‘अवो ताई, ऐकू येतंय का?’ माझं पुन्हा तेच, तितक्याच प्रेमाने. मग एक सुस्कारा, आणि थकलेल्या आवाजात, ‘घेतली.’ पुढे टिक आल्याचा आवाज.

त्या माणसाने मला सगळं सांगितलं होतं. पत्त्यासकट. मी एकाच शब्दासाठी कान ठेवला होता. काल सकाळी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, तर म्हणाले, ‘बसा, चहा घ्या. फोन नंबर द्या तेवढा.’

येत्या सोमवारी आईची पुन्हा तपासणी आहे, तोवर मी तुंगार्लीतच. त्यानंतर पुण्याला जाईन आणि रोज पाचचा फोन स्वतः करीन. आईने आत्ताच अट घातलीय... ‘एकदाच विचारायचं. आणि मी काय सांगते ते संपेपर्यंत फोन ठेवायचा नाही.’