चड्डीवरची काळी फुली

आधी चहाचा घोट गिळा, मग सांगते. न्हाईतर नाकातून येईल आन् मला बोल लावाल! म्या जन्मभर लई जनांच्या खोड्या काढल्या, पर ही मी काढली न्हाई. ही माझ्या हातून झाली. अजून भर दुपारी दोरीवर ताठ वाळलेली कापडं दिसली, की पाठीतून मुंगी चालत जाते.

लातूर नवंनवं जिल्हा झालं होतं. सायबांच्या गाड्या आमच्या गावावरून धुरळा उडवीत पळायच्या, आन् आमची हीर मातुर कोरडीठाक. आत दगुड टाकला तर पान्याचा आवाज न्हाई. खालून कुनीतरी खोकलल्यावानी यायचं.

आन् ह्यात आमच्या मालकांचं दुखनं काय? चड्डी टिकत न्हाई! सायकलीचं सीट फाटलेलं, त्यातली तार वर आलेली. नवी चड्डी घातली, की थोड्या दिसांत मागं खिडकी! शेवटी मला संगं घेऊन गेले मेहबूबचाचाकडं, आमच्या गावातल्या जुन्या शिंप्याकडं.

"चाचा, असं शिवा की माझं आयुष्य सरंल, चड्डी सरनार न्हाई."

"मांजरपाट लेव भाभी. आसन डबल मारतूं. हत्ती बैठा तो भी उधडती नै!"

कापड कसलं ते! पोत्याची धाकटी भैन. पर टिकाऊ! मी जपलीबी तशीच. बडवायची न्हाई, पिळायची न्हाई, उलटी करून वाळवायची, नाडी येगळी काढून ठिवायची. गल्लीतल्या बायांनी ते पाहिलं, आन् समद्यांनी त्याच ठानातून आपापल्या गड्यांना चड्ड्या शिवल्या. घोळ हितंच झाला.

पानी टँकरचं. मग काय, साऱ्या गल्लीच्या चड्ड्या एकाच घमेल्यात. धुवून वल्याच एकावर एक दाबून ठिवायच्या, मग एकाच दोरीवर टाकायच्या. कुनाची कोनती, वळखावं कसं? मी जीव लावून जपलेली चड्डी उद्या दुसऱ्याच्या बुडाला जावी व्हय?

नांदेडला माझ्या म्हायेरी परीट बिब्ब्याच्या रसानं कापडावर वळखीची खून घालायचा. ते ध्येनात आलं. गुपचूप एक बिब्बा टोचला आन् वल्या गठ्ठ्यातल्या, धुताना नजरंत धरून ठिवलेल्या मालकांच्या चड्डीला, मागून नेफ्यावर, फुली मारली. पिवळट. दिसंनाबी. कुनाला बोलले न्हाई.

दुसऱ्या दिशी मी त्या चड्ड्या दोरीवर टाकल्या. भर दुपार. वारं न्हाई, कावळा न्हाई, कुत्रंबी कुटं दिसंना. चड्ड्या वाळून अशा ताठ झालत्या, की कमरेखालची मानसं दोरीला लटकल्यावानी. आन् शेजारच्या गंगूबाईनं किंकाळी फोडली.

"शेवंते! अगं शेवंते! हे बघ की गं!"

तिच्या पोराच्या, माधवच्या चड्डीवर काळी फुली. शेजारच्या चड्डीवर फुली. तिच्या शेजारी अजून एक, पुसट. मी तर एकच मारली होती! तीबी पिवळट. ह्या कोळशावानी काळ्या! आन् खोटं न्हाई सांगत, आमी बघून राहिलो होतो आन् त्या अजून काळ्या होऊन राहिल्या होत्या.

"भानामती," कुनीतरी हळूच म्हनलं.

हसा तुमी. आमच्या भागात हा शबुद निघाला, की चुलीवरची भाकर करपती तरी बाई उठत न्हाई. कापडावर आपसूक फुल्या उमटनं हीच तर तिची चाल! आधी कापडावर फुली. मग अंगावर फोड. मग मानूस.

गंगूबाईची नजर वळली ती नव्या सुनंवर. सुमन तिचं नाव. देगलूरकडची, तेलंगानाच्या शिवेवरची, त्याच उन्हाळ्यात लगीन होऊन आलेली. बोलायची कमी.

"तिकडं लई चालतंय असलं," गंगूबाई म्हनली. "ही आली आन् फुल्या आल्या. माझ्या माधवच्या अंगावर एक फोड येऊ दे, हिची पेटी बसवर चढिवते. परत उंबऱ्याला पाय लावू देनार न्हाई!"

सुमन उंबऱ्यावर बसलेली. डोळ्यात पानी न्हाई, काय न्हाई. निस्ती फुल्यांकडं बघून राहिलेली. मला पोरीची लई दया आली. आन् भ्याबी वाटलं, कारन त्या काळ्या फुल्यांत माझी कोनती, तेच मला कळंना!

"थांबा," मी म्हनलं. "करनीला बिब्बा भारी. दाराला बांधतो का न्हाई आपन? मी करते बंदोबस्त. पोरीला घालवू नका."

घरात होते तेवढे बिब्बे कुटले. हाताला तेल चोपडून कुटले, एवढी अक्कल होती. पुढची न्हवती! वाटलं, पान्यात त्याची धग मरंल. साऱ्या चड्ड्या त्या पान्यात बुडवल्या, देवाचं नाव घेत काठीनं ढवळल्या. चड्ड्या वाळल्या. गड्यांनी घातल्या.

आन् मग दुपारी गल्लीच्या तोंडाला समदे गडी दिसले. एका रांगंत. पाय फाकवून. मांडीखालचं घोडं कुनीतरी काढून घेतल्यावानी. म्होरं आमचे मालक, तोंड राखंवानी.

"काय झालं हो?"

"काय न्हाई."

"दुखतंय का?"

"इचारू नको."

फोड! समद्यांना, आन् समद्यांना एकाच जागी! मी मनात म्हनलं, बिब्ब्यालाबी जुमानंना, केवढी जबर भानामती असंल ही!

गंगूबाईनं सुमनची पेटी अंगनात आनून आदळली. बसची येळ झालती. तेवढ्यात भानामती उतरवनारा जानता आला. त्यानं राखंचं रिंगन घातलं, लिंबू फिरवलं, डोळे पांढरे केले.

"ह्याच गल्लीतल्या बाईचा हात हाय."

सुमननं पेटीची कडी घट्ट धरली.

"फोड दाखवा," जानता म्हनला.

गडी एकमेकांकडं बघाया लागले. कोन दाखवनार!

"ऱ्हाऊ द्या. उतारा करू. बिब्बे आना."

मी पुढं झाले, छाती काढून. "म्हाराज, बिब्बे संपले! समदे मीच कुटून धुन्यात घातले."

"कशाच्या धुन्यात?"

"चड्ड्यांच्या."

"कुनाच्या?"

"समद्यांच्या! कुनाला कमी पडू दिलं न्हाई."

जानत्याच्या हातातलं लिंबू गळून पडलं. "अगं बाई, मग ही भानामती कशाची? बिब्बा उतलाय ह्यांना!"

"आन् फुल्या?" गंगूबाईनं इचारलं.

"एक माझी," मी म्हनलं. "बिब्ब्याचीच." आन् बोलता बोलता डोक्यात उजेड पडला. परीट खुनंवर वरून चुना लावायचा, म्हंजे रस पसरत न्हाई. मी चुना इसरले. रस वल्या गठ्ठ्यात एकीतून दुसरीत उतरला, आन् उन्हात काळा पडला.

मग आमच्या मालकांनी काठी उचलली. पर पळनार कसे? एकाही गड्याला दोन पावलं सरळ टाकता येईनात, म्हनून आज तुमच्यापुढं बसले हाय!

गंगूबाईनं खाली मान घालून पेटी आत नेली, आन् खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली. सुमननं तवा पयल्यांदा मान वर केली.

"शेवंताआत्या," ती म्हनली, "आमच्या देगलूरकडं भानामती करनारी हाय म्हनत्यात. पर तिला अवस बघावी लागती, उपास धरावा लागतोय, मंतर म्हनावा लागतोय. तुमी तर निस्त्या धुवाया बसलाव!"