सास्काटूनचा मुरांबा

धोंडूबाई वसईत केळी सुकवून विकायची. तिचा मुलगा कल्पेश कॅनडात, सास्काचेवानला ट्रक चालवायचा. हिवाळ्यात बर्फावर ट्रक उलटला आणि तो गेला. दोन महिन्यांनी त्याच्या घरमालकिणीने एक बाटली पाठवली. तिथल्या जांभळ्या सास्काटून बेरींचा मुरांबा कल्पेशने स्वतः केला होता. झाकणावर त्याचं अक्षर होतं, ‘आये, खाऊन सांग.’

“नको उघडू,” नवरा काळूराम म्हणाला.

तिने तांदळाच्या भाकरीला मुरांबा लावून घास घेतला आणि कल्पेशच्या रिकाम्या पाटाकडे बघून म्हणाली, “गोड हाय रं, पन जरा पातल झाला.”

मग मान हलवत ती कुणाचं तरी ऐकत राहिली. काळूरामच्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी तोही तिच्याशेजारी जेवायला बसला. ती ऐकत होती तेवढा वेळ तो घास हातात धरून थांबला.