यादीतली एकविसावी

येमेनमधल्या एका बंदराच्या गावी, सरकारी दवाखान्यात, मी एकोणीस वर्षं डायलिसिसची मशीन चालवली. लढाई पेटली तसा अंगावरच्या कपड्यांनिशी दाभोळला परत आलो. माझ्यामागे तो वॉर्ड जिच्या हाती गेला, ती तिथे फरशी पुसायला होती. शिकलेले सगळे निघून गेले आणि ही राहिली, एवढीच तिची पात्रता. बाकीचं मी तिला फोनवर शिकवलं, तेही जेटीवर उभं राहून, कारण आमच्या घरात रेंज पाहुण्यासारखी येते आणि टेकायच्या आत उठते. नळीतला हवेचा बुडबुडा कसा काढायचा, पाण्याची टाकी कशी धुवायची, सगळं. मी तिला बेटी म्हणतो, ती मला उस्ताद म्हणते. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत माझं उस्तादपण जरा जास्तच फुगलं होतं.

गेल्या वर्षी मदत पाठवणाऱ्या एका संस्थेने तिला विचारलं, सहा महिन्यांसाठी काय काय हवं ते लिहून द्या. फॉर्म इंग्रजीत होता, म्हणून तो माझ्याकडे आला. गावात बातमी फुटली आणि शेजारीपाजारी जुन्या चादरी, स्वेटर घेऊन आमच्या दारात. येमेनच्या उन्हात स्वेटर! चिपळूणच्या पुरातही हेच झालं होतं. लोकांना चिखल उपसायला फावडी हवी होती आणि टेम्पो भरभरून येत होत्या वापरलेल्या साड्या. मी सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं. लढाईच्या मुलखाला पीठ-तांदूळ हवाच, त्यात वाद नाही. पण ज्याचं मूत्रपिंड गेलं त्याला फिल्टर लागतो, नळ्या लागतात, जनरेटरला डिझेल लागतं आणि मशीनवर आठवड्याचे तीन वार लागतात. त्यात खंड पडला तर पोटभर जेवलेला माणूसही मरतो.

फिल्टर ठरावीकच मिळणार, हे संस्थेने आधीच सांगितलं होतं. तीन वार, चार-चार तास, असं धरलं तर ते वीस रोग्यांना पुरत होते. वॉर्डात होतेही वीसच. मी खूश होऊन फॉर्म भरला आणि बायकोला वाचूनही दाखवला.

दुसऱ्या दिवशी बेटीचा फोन. "उस्ताद, एकवीस लिहा."

डोंगराकडून एक बाई आली होती, दोन दिवस ट्रकमधून. वॉर्डाच्या दारात भिंतीला टेकून बसली होती आणि धापा टाकत होती.

"फिल्टर वाढणार नाहीत," मी म्हटलं.

"फिल्टर असू देत तेवढेच. माणूस वाढवा."

माझा पारा चढला. वार चुकला की अंगात पाणी साठतं, हे मीच तुला शिकवलं ना? एकीसाठी वीस जणांचा जीव टांगणीला लावणार? आणि उद्या बाविसावा आला म्हणजे? जेटीवर मासळी निवडणाऱ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. एकीने विचारलंच, "काय झाला भाय, कोनावर वरडताव?"

बेटी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "हे मी नाही ठरवलं. वॉर्डातल्या रोग्यांनी ठरवलं. तुम्हीच विचारा." आणि फोन घेऊन ती वॉर्डात गेली.

पहिला आवाज बस ड्रायव्हरचा. माझा जुना रोगी, त्याच्या हातात पहिली सुई मी टोचलेली. "हिंदी, जिवंत आहेस का?" म्हणाला. हिंदुस्थानचा म्हणून तिथे मला सगळे हिंदीच म्हणायचे. मग त्याने हिशेब सांगितला, दर आठवड्याला आमच्यातले तिघं एकेक वार सोडणार, तिचे तीन वार झाले. पुढच्या आठवड्यात दुसरे तिघं. "सुरुवात माझ्यापासून. पाणी दिवसाला दोन पेल्यांवर आणलंय, सवय करतोय." तिथल्या उन्हात दोन पेले! ते ऊन मी एकोणीस वर्षं काढलंय. मग एक शाळामास्तरीण बोलली. मग एक म्हातारा, त्याला खोकल्यातून नुसतं "हो" म्हणता आलं. त्या बाईला त्यांच्यापैकी कोणीही ओळखत नव्हतं.

फोन कानाला असतानाच मी पायातल्या चपला काढल्या होत्या. का, ते मला आजही सांगता येणार नाही. लाज वाटत होती, आणि त्या लाजेहून मोठंही काहीतरी होतं. इतकी वर्षं या माणसांच्या हाताला धरून मी सुया टोचल्या आणि माणसं मात्र मला आज दिसली.

मग मला जमतं ते मी केलं. ज्यांचं हृदय कमजोर त्यांनी वार सोडायचा नाही, ड्रायव्हरसकट सगळ्यांचं रोज वजन करायचं, सूज दिसली की मशीनवर पुढचा नंबर त्याचा, असं बेटीला तिथल्या तिथे लिहून घ्यायला लावलं. फॉर्मवर वीस खोडून एकवीस केलं.

आठवडाभर बायको रोज विचारायची, "अवो, त्या बायचा काय झाला?" मी तिच्यावर खेकसायचो, कारण मलाही माहीत नव्हतं.

नवव्या दिवशी निरोप आला. "उस्ताद, ती काल आडवी होऊन झोपली." फुप्फुसात पाणी भरलेल्या माणसाला आडवं होता येत नाही, जीव घुसमटतो, तो रात्र बसून काढतो. मी बायकोला ओरडूनच सांगितलं. ती रडायला लागली, मीही.

डोळे पुसून मी ड्रायव्हरचं विचारलं.

उत्तर आलं, "तो बसून झोपला. आता त्यालाच पहिला मशीनवर घेतलाय."