माझ्या डोंगरावरचा दुसरा माणूस

खुलताबादच्या मागं एक डोंगर आहे. त्याला नाव नाही; असलं तरी मला कुणी सांगितलेलं नाही. पाझर तलावाच्या बांधाशी गाडी लावायची, डावीकडच्या धारेनं माथा गाठायचा आणि पलीकडच्या उतारानं, एका शेतवस्तीवरून, फिरून पुन्हा बांधावर यायचं. तीन तासांचा फेरा. चार वर्षं दर रविवारी मी तो एकट्यानं मारत होतो. समोर दौलताबादला गाड्यांची रांग लागायची आणि इथं माझ्याशिवाय कुणी नसायचं, याचा मला मनातून फार अभिमान होता.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मित्राला डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून मीच त्याला घेऊन गेलो. पहिल्या दिवशी तो चढावर तीनदा खाली बसला. मी वर उभा राहून त्याला धीर देत होतो. मजा आली, खोटं कशाला बोलू.

दोन महिन्यांत तो माझ्या पुढं चालायला लागला. वस्तीवरच्या मावशी मला चार वर्षं 'साहेब' म्हणत पाणी देत आल्या होत्या. त्याला मात्र त्या तिसऱ्याच खेपेला 'भाऊ' म्हणाल्या. त्यानं त्यांच्या गाईंची नावं विचारली होती. मला ते कधी सुचलंच नव्हतं. पुढं तो ऑफिसात सगळ्यांना या फेऱ्याबद्दल रंगवून सांगू लागला आणि एक दिवस डबा खाताना कुणीतरी मला विचारलं, "तुम्ही पण जाता का त्यांच्या डोंगरावर?"

त्याच आठवड्यात त्यानं सातजणांना न्यायचं ठरवलं. मी म्हणालो, "या रविवारी नको. तिकडं बिबट्या दिसलाय. फॉरेस्टवाल्यांनी वाट बंद केलीय."

"तुला कोण म्हणालं?"

"गावातला एकजण भेटला होता."

त्यानं लगेच सगळ्यांना फोन करून बेत रद्द केला. शंकासुद्धा घेतली नाही.

रविवारी मी एकटा गेलो. माथ्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसलो, पण मन लागेना. उतरून वस्तीवर आलो तर मावशी माझ्या पाठीमागं बघत होत्या.

"भाऊ नाय आले व्हय आज?"

"ताप आलाय त्याला," मी बोलून गेलो.

"आगं बाई! थांबा मंग." त्या आत गेल्या आणि पिशवीभर सीताफळं घेऊन आल्या. "हे त्यांना द्या. दोन दिसांत पिकतील. लई चांगला माणूस हाये."

गाडीला अडकवलेली ती पिशवी घेऊन मी शहरात शिरलो. घरी नेली असती तर कुणालाच कळलं नसतं. पडेगावपर्यंत माझा तोच विचार होता. पण गाडी त्याच्याच दारात थांबली. तो झाडांना पाणी घालत होता.

"मावशींनी दिलीत. तुला ताप आहे असं मी त्यांना सांगितलं."

"तू गेला होतास?" त्यानं नळ बंद केला. "आणि बिबट्या?"

"कुणालाच दिसला नाही."

तो पायरीवर बसला. हसला असता किंवा चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाला, "एकट्याला जायचंय एवढंच सांगायचंस. मी काय अडवलं असतं तुला?"

"तू अडवलं नसतंस. पण मावशींनी तुझीच चौकशी केली असती."

तो आत जाऊन दोन कप चहा घेऊन आला. त्या सातजणांना काय सांगायचं ते तो बघतो म्हणाला. त्यानं काय सांगितलं ते मी अजून विचारलेलं नाही.

आता आम्ही एक रविवार आड सोबत जातो. मधला रविवार त्यानं आपणहून मला दिलाय. त्या दिवशी बांधावरच्या ओल्या मातीत बुटाचा ताजा ठसा दिसला की मी वाकून बघतो. त्याचा नसला तर बरं वाटतं.