खारा घास

आवडाबाई पेशंटचं काम करायच्या ते हुकमतीने. चेंदणी कोळीवाड्यातून सकाळी वर्तकनगरला आल्या, की अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या गोमाजींना पुसून काढणं, पावडर लावणं, कूस बदलणं, सगळं त्यांच्या तालावर. एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्हा शेजाऱ्यांनाही त्या रेडिओ हळू लावा म्हणून दटावायच्या.

पण एका बाबतीत बाई विरघळल्या. डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं. जन्म खाडीत काढलेल्या कोळ्याला अळणी भात म्हणजे जिवंतपणीची शिक्षाच. सून रतन नेमाने अळणी रांधून बालवाडीत शिकवायला जायची आणि गोमाजी तोंड मिटून पडायचे. "आवडे, थोरा खारा दे गो," एवढंच म्हणायचे. मूळच्या आपल्याच वाड्यातल्या म्हाताऱ्याचा शब्द बाईंना मोडवेना. मग त्या घरून खाऱ्या बांगड्याचा भाजलेला तुकडा आणायच्या, काटे काढून भातात चुरायच्या. ताट चाटूनपुसून साफ व्हायचं.

पुढे गोमाजींच्या पायांना सूज आली, धाप लागली. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, मीठ कोण देत होतं? मुलगा परशुराम बायकोवर उसळला. माझ्या बापाला मारायला निघालीस, असं चार नातेवाइकांसमोर बोलला. रतन मान खाली घालून उभी राहिली. आवडाबाई तिच्या शेजारीच होत्या. काम जाईल, वाड्यात नाव जाईल, या भीतीने त्यांची जीभ टाळ्याला चिकटली. एरवी अख्ख्या कॉलनीला ऐकवणारी बाई!

गोमाजी बचावले, घरी आले. आता रतनने ताटाला हात लावायचा नाही, भरवायचं ते आवडाबाईंनीच, असं परशुरामने बजावलं. हा विश्वास बाईंना सोसेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी रतनपुढे त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"मला ठाऊक होतं, मावशी," रतन म्हणाली. "बांगड्याचा वास घरात लपतो का? बाबा पोटभर जेवत होते, म्हणून मी गप्प बसले. चूक माझीही झाली. पण तिथे, सगळ्यांसमोर, तुम्ही का नाही बोललात?"

त्या दिवशी सुट्टीची वेळ टळून गेली तरी आवडाबाई निघाल्या नाहीत. परशुराम कामावरून येईपर्यंत दारात उभ्या राहिल्या.