पेटीत हात घालणारी मावशी

माझी मावशी डास पाळायची. शाळेत सांगितलं की पोरी हसायच्या. एका प्रयोगशाळेच्या लहानशा दमट खोलीत, जाळीच्या पेट्यांमधून ती हजारो डास वाढवायची. सुट्टीत मी तिच्याकडे गेले की मलाही बरोबर न्यायची. तिथला ओल्या कापसाचा, साखरपाण्याचा आंबूस वास अजून माझ्या नाकात आहे.

अंडी घालायची तर डासाच्या मादीला रक्त हवं. मावशी बाही वर सारायची, पेटीच्या कापडी तोंडातून हात आत घालायची आणि माझ्याशी गप्पा मारत उभी राहायची.

"चावू दे. रोगराई नाही यांच्यात, इथेच जन्मलेत," म्हणायची. "घरचीच पोरं."

यावर मावशीच्या यजमानांचं, म्हणजे काकांचं, ठरलेलं वाक्य असे, "लोक संसारासाठी रक्त आटवतात, आमची ही डासांसाठी."

एका वर्षी उन्हाळा फार कडक पडला. दुपारी डबा खाऊन आम्ही परतलो, तर वीज गेलेली, खोली थंड ठेवणारं यंत्र बंद आणि आत नुसती भट्टी. पेट्यांच्या तळाशी मेलेल्या डासांचा काळा सडा. मावशीने फडकी भिजवली. मग ती ओली फडकी पेट्यांवर टाकू लागली.

तेवढ्यात तिच्या वरिष्ठ, डॉक्टरबाई, धावत आल्या. वाकून पेट्या बघताना त्या एकदम थांबल्या. थोडे डास जिवंत होते. काही ओल्या कापसाच्या खाली गारव्याला बसलेले, तर काही तापलेल्या जाळीलाच घट्ट धरून.

"हे वेगळे काढा," त्या म्हणाल्या. "आता यांचीच पिल्लावळ वाढवायची."

"बाई, एवढ्या उन्हाला जे पुरून उरले, त्यांना मी माझं रक्त पाजू?"

"बाहेर उन्हाळे वाढतच चाललेत. तिथेही जे तगतील तेच अंडी घालणार, आपल्याला विचारून नाही. इथे निदान ते किती उष्णता सोसतात हे आधी कळेल तरी."

मावशीने काचेची नळी उचलली. तिने एकेक डास नळीत ओढून नव्या पेटीत सोडला आणि बाही वर केली.

पुढच्या सुट्टीत मी गेले तेव्हा त्या तगलेल्या डासांच्या कित्येक पिढ्या झाल्या होत्या. डॉक्टरबाईंनी साधे डास आणि हे डास शेजारशेजारच्या नळ्यांत घालून नळ्या तापवल्या. साधे भराभर पडले. हे त्यांच्यापेक्षा जरा उशिरा. फरक लहानच, पण होता.

"शहाणी गं माझी बाळं," मावशीच्या तोंडून गेलं आणि तिने जीभ चावली.

काका गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. आमचं गाव डोंगरावर, थंड. मच्छरदाणी कुणाच्या घरी नव्हती. पण हिवाळे हळूहळू मऊ होत गेले, आणि एका सकाळी परसातल्या बादलीपाशी मावशी ओणवी झालेली दिसली. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

तिने शेजारच्या शिंप्याला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, इथल्या थंडीत कसले डास जगतायत?"

"थंडी राहिलीय कुठे, भाऊ?"

त्याच मोसमात त्याची बायको तापाने फणफणली. मग गल्लीत घरटी कुणी ना कुणी. 'मी सांगितलं होतं' असं मावशी एकदाही म्हणाली नाही. काथ्या घेऊन आईबरोबर ती दारोदार फिरली. पाणी ओतून भागत नाही, अंडी भांड्याच्या कडेला चिकटून सुकी राहतात, म्हणून कडा घासून दाखवायची. आधी लोक कुरकुरले, मग स्वतःच घासू लागले.

शिंप्याची बायको अंथरुणातून उठली, पण गुडघे धरून महिनाभर चालली. शिंप्याने मशीनवर मच्छरदाण्या शिवायला घेतल्या. मावशी दुपारभर त्याच्या दुकानात बसायची, जाळीची टोकं धरायची आणि गिऱ्हाइकांना डॉक्टरबाईंच्या गोष्टी सांगायची. कापडाच्या त्या पांढऱ्या ढिगात बसलेली मावशी मला फार आठवते. शिंपी म्हणायचा, "ताई, टोक सोडू नका, शिवण वाकडी जातेय." आणि ती बोलता बोलता पुन्हा टोक सोडून द्यायची.