शॉकअपची उलटी सीलं

मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपची ऑइल सीलं मी उलटी बसवली. एक नव्हे, दोन्ही.

नव्वदनंतरची वर्षं. मी सुरतेजवळ पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये मेंटेनन्सला होतो आणि उधन्याला एका खोलीत राहत होतो. बायको पहिल्या बाळंतपणाला अकोल्याला माहेरी गेलेली. खोलीत मागे उरलं होतं काय, तर आरशावर चिकटवलेल्या तिच्या टिकल्या आणि मी. मुलगी झाल्याचं कळल्यापासून रोज दिवेलागणीला एसटीडी बूथ गाठायचा आणि सासऱ्यांच्या घरी फोन लावायचा. प्रश्न ठरलेला, "कोणासारखी दिसते गं?"

"येऊन बघा," ती म्हणायची. मग रिसीव्हर बाळाच्या तोंडाशी धरायची. कधी रडणं ऐकू यायचं, बहुतेक वेळा नुसता श्वास. बूथच्या काचेआड मी तो श्वास ऐकत उभा, आणि बाहेर ताटकळलेला माणूस किल्लीनं काच वाजवतोय.

रजा बाराव्या दिवसाच्या बारशापुरती मिळाली. सरळ रेल्वेनं जायला हवं होतं. पण माझ्याकडे साडेतीनशे सीसीची जुनी, अवजड मोटरसायकल होती आणि "गाडीवरच येतो" असं मी फोनवर ऐटीत सांगून बसलो होतो. गाडीच्या पुढच्या दांड्यांतून, म्हणजे शॉकअपमधून, तेल गळत होतं. गॅरेजवाल्यानं चार दिवस सांगितले. म्हटलं, आपण मिलमध्ये रोज सीलं बसवतो, याला कशाला विचारायचं?

बायकोच्या कणकेच्या परातीत जुनं तेल काढलं आणि तासाभरात काम उरकलं. आता चूक सांगतो. मिलमध्ये सील लागतं ते रंगाचं पाणी बाहेरून बेअरिंगमध्ये शिरू नये म्हणून. त्याची नरम कड बाहेरच्या अंगाला ठेवायची. शॉकअपचं सील आतलं तेल आत राहावं म्हणून असतं. त्याची कड आत. इतक्या वर्षांची हातांना सवय. त्यांनी मला काही विचारलं नाही, मीही त्यांना विचारलं नाही.

बारशाच्या आदल्या सकाळी निघालो. बारडोली मागे पडली तेव्हा मी चक्क गाणं म्हणत होतो. व्यारापासून हँडल खड्ड्याखड्ड्याला खाली आपटू लागलं. सोनगढला ब्रेक दाबला तर चाकाला त्याचा पत्ताच नाही. शॉकअपचं तेल गळून ब्रेकच्या ड्रमात उतरलेलं. रस्त्याकडेच्या मिस्त्रीनं दांडा उघडला आणि हसायलाच लागला. "आ तो ऊंधां छे, भाई! कोणे नाख्यां?"

उलटी कुणी बसवली? मी तत्काळ उधन्यात एक मिस्त्री जन्माला घातला आणि सगळं त्याच्या माथी मारलं. "एने फरी गाडी आपता नहीं," असं सोनगढच्या मिस्त्रीनं कळकळीनं बजावलं. पुन्हा त्याच्याकडे गाडी देणार नाही, असं मी वचन दिलं. काढताना सीलं फाटली. नवी सुरतेहून यायची होती, म्हणजे उद्या सकाळी.

समोर धुळ्याची एसटी येऊन थांबली. तिच्यात चढलो असतो तर धुळ्याहून पुढची गाडी पकडून बारशाला पोचलो असतो. एक पायरी चढलोही होतो. पण गाडीवर येतो म्हणून सांगितलं होतं ना! उतरलो. ती लाल पाठ वळणाआड जाईपर्यंत बघत राहिलो. अजूनही कुठं एसटी सुटताना दिसली की पाय आपोआप पुढे होतो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं सीलं बसवून दिली. अकोल्यात शिरलो तेव्हा दिवस मावळत होता. दारात घुगऱ्यांचं रिकामं पातेलं उपडं घातलेलं. नाव दुपारीच ठेवून झालं होतं. आत पाळण्याशी गेलो. फोनवरचा तो श्वास समोर, मुठी आवळून झोपलेला. हात पुढे केला तर तो तेलानं काळा. मागे घेतला आणि बायकोला सीलांची, कडेची, सोनगढची सगळी हकिगत सांगितली. अगदी परातीसकट.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग मी हळूच माझा रोजचा प्रश्न विचारला.

"नाक तुमचं आहे," ती म्हणाली. "डोकं माझ्यावर गेलं म्हणजे मिळवलं."